डिंक्याच्या लेखाखाली संत्रा बर्फी : मराठी संकेतस्थळावर संबंधित लेख कसे निवडावेत

काही वर्षांपूर्वी नागपुरातून चालणाऱ्या, विदर्भातील शेती, खाद्यपदार्थ आणि इतिहास अशा मिश्र विषयांच्या एका मराठी संकेतस्थळाच्या डेटाबेसचे काम माझ्याकडे होते. संत्र्याच्या झाडावरील डिंक्या या खोड सडवणाऱ्या रोगाचा लेख उघडला की त्याच्या तळाशी, 'संबंधित लेख' या मथळ्याखाली, पहिल्या क्रमांकावर संत्रा बर्फीची पाककृती येत असे. काटोलकडच्या एका बागायतदाराने फोन करून विचारले की, साहेब, इथे झाडाचे खोड सडते आहे आणि तुम्ही आम्हाला बर्फी करायला सांगता काय? मी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पुन्हा तपासली, तर तिच्यात काहीच चूक नव्हती. दोन्ही लेखांना 'संत्रा', 'नागपूर' आणि 'विदर्भ' हे तीन टॅग (लेखाचा विषय सांगणारे शब्द) समान होते आणि मी लिहिलेली क्वेरी समान टॅग मोजून, सर्वाधिक संख्येचा लेख सर्वांत वर आणत होती. आम्ही विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

त्या दुरुस्तीत शिकलेली पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. तुमचे लेख मायएसक्यूएल, पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट यांपैकी कोणत्याही डेटाबेसमध्ये असले तरी ती चालेल. स्पष्टीकरणासाठी आपण एक हजार लेखांचे संकेतस्थळ गृहीत धरू. पुढील सर्व आकडे त्या काल्पनिक संकेतस्थळाचे आहेत.

आधी 'संबंधित' म्हणजे काय ते ठरवा

ही पायरी संगणकाची नाही, पण ती वगळली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. डिंक्याचा लेख वाचून संपवणाऱ्या शेतकऱ्याला पुढे काय हवे असते? खोडाला लावायची बोर्डो पेस्ट कशी तयार करायची, बागेतील साचलेले पाणी कसे काढायचे, रोपवाटिकेतून निरोगी कलम कसे ओळखून घ्यायचे, हे त्याचे पुढचे प्रश्न असतात. डिंक्यावरच लिहिलेला, तीच माहिती फिरवून सांगणारा दुसरा लेख त्याला नको असतो. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईवरील लेख वाचणाऱ्याला मात्र त्याच विषयावरचा दुसरा लेख, किंवा नागपूरकर भोसल्यांवरचा लेख हवासा वाटतो. म्हणून दहा-पंधरा लेख हाती घ्यावेत, प्रत्येकाखाली कोणते पाच लेख शोभतील हे कागदावर लिहून काढावे आणि तो कागद जपून ठेवावा, कारण शेवटी तपासणी त्याच्याशीच ताडून करायची आहे.

टेबलांची रचना

अनेक जुन्या संकेतस्थळांवर लेखाच्याच टेबलमध्ये एक कॉलम असतो आणि त्यात सर्व टॅग स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात. तुमच्याकडे असे असेल, तर सर्वप्रथम ते मोडा. त्या कॉलममध्ये 'लाइक' हा अक्षरे जुळवणारा आदेश वापरून 'बोर' हे फळ शोधायला गेलात तर 'बोर्डो पेस्ट'चे सारे लेखही हाती लागतात, कारण 'बोर्डो' या शब्दाची सुरुवातीची अक्षरे संगणकाच्या लेखी 'बोर' हीच आहेत. शिवाय अशा शोधाला इंडेक्सचा (शोध जलद करणाऱ्या सूचीचा) उपयोग होत नाही आणि दर वेळी पूर्ण टेबल वाचावे लागते.

योग्य रचनेत तीन टेबले असतात. पहिले लेखांचे, दुसरे टॅगांचे आणि तिसरे त्या दोघांना जोडणारे, ज्यात केवळ लेख क्रमांक आणि टॅग क्रमांक हे दोन कॉलम असतात. या तिसऱ्या टेबलची प्राथमिक की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) दोन्ही कॉलम मिळून, लेख क्रमांक आधी या क्रमाने करावी आणि त्याखेरीज टॅग क्रमांक आधी असलेला उलट क्रमाचा आणखी एक इंडेक्स ठेवावा. पहिल्या इंडेक्सने 'या लेखाचे टॅग कोणते' हे चटकन कळते आणि दुसऱ्याने 'हा टॅग आणखी कोणत्या लेखांना आहे' हे कळते. संबंधित लेखांच्या क्वेरीला हे दोन्ही प्रश्न लागोपाठ विचारावे लागतात. उलट इंडेक्स करायचा राहून गेला, तर शंभर लेखांपर्यंत काहीच जाणवत नाही आणि लेख वाढले की पान उघडायला वेळ लागू लागतो.

टॅगांच्या टेबलमध्ये 'मूळ टॅग' असा एक जादा कॉलम असावा. आपल्याकडे एक लेखक 'संत्रा' लिहितो, दुसरा 'संत्रे', तिसरा 'संत्री'. कोणी 'मोरचूद' लिहितो, तर कृषी पदवीधर 'कॉपर सल्फेट' लिहितो. हे सर्व टॅग राहू द्यावेत, पण प्रत्येक पर्यायी टॅगासमोर त्याच्या मूळ टॅगाचा क्रमांक नोंदवावा आणि तुलना नेहमी मूळ क्रमांकावरच करावी. लेखकांना शिस्त लावण्यापेक्षा हे सोपे पडते, असा माझा अनुभव आहे.

समान टॅग मोजू नका, तोला

आता मूळ चुकीकडे येऊ. पहिली क्वेरी साधारण अशी असते : जोडटेबल स्वतःलाच टॅग क्रमांकावर जोडायचे, एका बाजूला चालू लेख धरायचा, दुसऱ्या बाजूने तोच लेख वगळायचा, उरलेल्या ओळींचे 'ग्रुप बाय' या आदेशाने लेखानुसार गट करून त्या मोजायच्या आणि उतरत्या क्रमाने पहिल्या पाच घ्यायच्या. या क्वेरीचा सांगाडा योग्य आहे. मात्र मोजणीच्या जागी बेरीज घालायला हवी.

कारण सर्व टॅगांना सारखीच किंमत नसते. नागपूरच्या संकेतस्थळावर 'नागपूर' हा टॅग जवळपास काहीच सांगत नाही, तर 'डिंक्या' हा टॅग जवळपास सारे काही सांगतो. एखादा शब्द जितक्या कमी लेखांत येतो तितकी त्याची किंमत अधिक, हा विचार केरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला आणि आजही शोधयंत्रांच्या मुळाशी तोच आहे. सूत्र साधे आहे : एकूण लेखांच्या संख्येला तो टॅग असलेल्या लेखांच्या संख्येने भागावे आणि येणाऱ्या भागाकाराचा लॉगरिदम घ्यावा.

आपल्या एक हजार लेखांपैकी 'विदर्भ' हा टॅग ७०० लेखांना, 'नागपूर' ५०० लेखांना, 'संत्रा' ३०० लेखांना आणि 'डिंक्या' केवळ १२ लेखांना आहे असे धरा. दहाच्या पायाने लॉगरिदम घेतला तर 'विदर्भ'चे वजन ०.१५, 'नागपूर'चे ०.३०, 'संत्रा'चे ०.५२ आणि 'डिंक्या'चे १.९२ येते. बर्फीच्या पाककृतीला पहिले तीन टॅग समान आहेत, म्हणून तिला एकूण ०.९७ गुण मिळतात. जालन्याच्या मोसंबीवरील डिंक्याच्या लेखाला एकच टॅग समान आहे, पण त्याला १.९२ गुण मिळतात आणि तो बर्फीच्या वर जातो. जो टॅग प्रत्येक लेखाला आहे त्याचे वजन आपोआप शून्य होते, त्यामुळे तो हाताने काढून टाकण्याचीही गरज राहत नाही.

वजने दर वेळी काढत बसू नयेत. टॅगांच्या टेबलमध्ये 'वजन' हा कॉलम ठेवून रात्री एकदा सर्व वजने ताजी करावीत; क्वेरीने त्या कॉलमची बेरीज तेवढी करावी.

एवढ्यावर एक पळवाट शिल्लक राहते. काही उत्साही लेखक एका लेखाला वीस-वीस टॅग लावतात आणि असा लेख लग्नातल्या दूरच्या पाहुण्यासारखा प्रत्येक यादीत दिसू लागतो. यावर उपाय म्हणून समान टॅगांच्या वजनांच्या बेरजेला दोन्ही लेखांच्या मिळून होणाऱ्या सर्व टॅगांच्या वजनांच्या बेरजेने भागावे, मात्र समान टॅग भाजकात एकदाच धरावेत. हे पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या गुणोत्तराचेच वजनदार रूप आहे. त्यांनी ते १९०१ मध्ये आल्प्समधील निरनिराळ्या भागांतील वनस्पतींची तुलना करण्यासाठी वापरले होते. उत्तर नेहमी शून्य ते एक यांच्या दरम्यान येते, त्यामुळे पुढे ते इतर गुणांमध्ये मिसळणेही सोपे जाते. लेखकांना पाच ते आठ टॅगांची मर्यादा घालून दिली तर उत्तमच, पण ती पाळली जाईल यावर विसंबू नये.

मजकुरातील शब्द : खरी मेहनत येथे आहे

ज्या लेखांना टॅगच लावलेले नाहीत, किंवा जे घाईत लावलेले आहेत, त्यांच्यासाठी मजकुरातील शब्दांची तुलना करावी लागते. तत्त्व वरीलच आहे, फक्त टॅगाच्या जागी शब्द येतो. इंग्रजीसाठी लिहिलेली साधने मात्र जशीच्या तशी मराठीला लावली, तर ती बिनबोभाट नापास होतात. चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही, याद्या तेवढ्या निरर्थक निघतात.

सर्वांत मोठा धोका शब्द तोडण्यात आहे. पायथन या भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातील नमुने शोधणाऱ्या) मॉड्यूलमध्ये शब्दातील अक्षरांसाठी जे चिन्ह वापरले जाते, त्यात देवनागरीच्या काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. ते प्रत्येक मात्रेपाशी शब्द तोडते. सायकिट-लर्न या लोकप्रिय लायब्ररीची मूळ मांडणीही त्याच चिन्हावर उभी आहे आणि ती दोन अक्षरांहून लहान तुकडे फेकून देते. परिणाम असा होतो की 'नागपूर' या शब्दातून केवळ 'गप' उरते, 'कामठी'तून 'मठ' उरतो, 'वर्धा'तून 'वर' उरतो, तर 'संत्रे' आणि 'दीक्षाभूमी' यांचे काहीच उरत नाही. आपले संकेतस्थळ महिनोन्महिने 'गप' या शब्दावरून लेख जुळवत होते, हे कळल्यावर मला हसावे की रडावे ते समजेना. यावर उपाय असा, की शब्दाची व्याख्या आपणच द्यावी : युनिकोडमधील ०९०० ते ०९७एफ या देवनागरी पट्ट्यातील चिन्हांची सलग मालिका म्हणजे शब्द, मात्र त्यातून ०९६४ आणि ०९६५ हे दंड वगळावेत आणि जोडाक्षरांसाठी येणारे अदृश्य 'झिरो विड्थ जॉइनर' हे चिन्ह आत घ्यावे. डेटाबेसच्या स्वतःच्या फुल टेक्स्ट इंडेक्सवर (मजकुरातील शब्दांच्या सूचीवर) भिस्त ठेवणार असाल, तर तोही मात्रांपाशी शब्द तोडत नाही ना, हे दहा-वीस शब्द घालून आधी पाहून घ्यावे.

त्याच्याही आधी मजकूर एकसारखा करून घ्यावा लागतो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द आपल्याकडे निदान दोन प्रकारे टंकित होतो. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतो, तर कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे ते अदृश्य जॉइनर चिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेससाठी मात्र ते दोन निरनिराळे शब्द असतात. तीच गत 'ॲप'ची आहे. हे ॲ अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीपासून लोक अ वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत आले आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणित नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून प्रथम एनएफसी या प्रकारचे नॉर्मलायझेशन करावे आणि त्यानंतर या दोन जोड्यांसाठी आपले स्वतःचे अदलाबदलीचे नियम चालवावेत. जुने लेख श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेले असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यानंतर विभक्तीचा प्रश्न येतो. 'संत्र्याची', 'संत्र्यांना', 'संत्र्यावरील', 'संत्र्यांमधून' ही चार रूपे एकाच फळाची आहेत, आणि 'नागपूर'चे 'नागपुरात' होताना मधला दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो. प्रत्यय तोडणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. त्यात सर्वांत लांब प्रत्यय आधी तोडावा आणि उरलेला भाग किमान तीन चिन्हांचा असेल तरच तोडावा. तरीही 'चर्चा'मधील 'चा' आणि 'कापला'मधील 'ला' हे विभक्तीचे प्रत्यय समजून तो कापून टाकण्याची भीती राहतेच. हजार-दोन हजार लेखांच्या संकेतस्थळासाठी मी याहून साधा मार्ग सुचवेन. सर्व लेखांतील शब्द वारंवारतेनुसार उतरत्या क्रमाने काढावेत, त्यांपैकी पहिले दीड-दोन हजार शब्द कोणीतरी मराठी नीट जाणणाऱ्या माणसाने पाहावेत आणि 'रूप' व 'मूळ शब्द' अशा दोन कॉलमांच्या टेबलमध्ये हाताने भरावेत. काही संध्याकाळींचे काम आहे, पण एकदाच करावे लागते. 'आणि', 'आहे', 'मध्ये', 'साठी', 'होते' यांसारख्या निव्वळ व्याकरणाच्या शब्दांवर त्याच वेळी फुली मारून ठेवावी. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनाची वगळायच्या शब्दांची मूळ यादी ३६ शब्दांची आहे, परंतु ती इंग्रजीसाठी आहे आणि आपल्या काही कामाची नाही.

त्याच इनोडीबीमध्ये फुल टेक्स्ट इंडेक्सला शब्दाची किमान लांबी मुळात तीन चिन्हांची असते. 'ऊस' आणि 'मध' हे शब्द प्रत्येकी दोनच चिन्हांचे आहेत, त्यामुळे ते इंडेक्समध्ये शिरतच नाहीत. ही मर्यादा दोनवर आणता येते, पण त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो आणि इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, जे सामायिक होस्टिंगवर बहुधा आपल्या हातात नसते.

या सर्व कटकटींमुळे शेवटी मी फुल टेक्स्ट इंडेक्सचा नाद सोडला आणि टॅगांसारखेच शब्दांचे टेबल केले : लेख क्रमांक, मूळ शब्दाचा क्रमांक आणि त्या लेखात तो किती वेळा आला ती संख्या. एकाच लेखात आलेले शब्द जुळवणीच्या कामाचे नसल्याने ते काढून टाकले, आणि अर्ध्याहून अधिक लेखांत आलेलेही काढले. शीर्षकातील शब्द तीन वेळा आला असे धरले. प्रत्येक लेखामागे दोनशे शब्द उरले, तरी हजार लेखांसाठी दोन लाखच ओळी होतात आणि कोणताही साधा सर्व्हर त्या सहज पेलतो. यातला खरा लाभ असा की टॅगांसाठी लिहिलेली क्वेरीच येथेही चालते.

गुणांचे मिश्रण आणि तारखेचा मोह

टॅगांवरून आलेले गुण आणि शब्दांवरून आलेले गुण एकत्र करताना मी टॅगांना ०.६ आणि शब्दांना ०.४ असे वजन देऊन सुरुवात केली होती. तुमच्याकडे टॅग काळजीपूर्वक लावले जात नसतील तर हे प्रमाण उलट ठेवावे. या आकड्यांत काही पवित्र नाही.

नव्या लेखांना जादा गुण देण्याचा मोह मात्र सांभाळून आवरावा. बातम्यांच्या बाबतीत ते योग्य आहे. कळमना बाजारातील गेल्या वर्षीचे भाव आज कोणी वाचणार नाही. पण बाग ताणावर कधी सोडावी, म्हणजे तिचे पाणी कधी तोडावे, हे सांगणारा पाच वर्षांपूर्वीचा चांगला लेख गेल्या आठवड्यातील किरकोळ बातमीपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. म्हणून लेखांच्या टेबलमध्ये 'प्रकार' हा कॉलम ठेवून तारखेची घट केवळ बातम्यांना लावावी. शेतीविषयक लेखांत तारखेपेक्षा हंगाम महत्त्वाचा असतो : आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि मृग बहाराची जून-जुलैत, तेव्हा एका बहाराच्या लेखाखाली दुसऱ्याचा लेख शब्द जुळतात म्हणून आला, तर वाचकाची दिशाभूल होते. आम्ही दोन्ही बहार हे परस्परांना वगळणारे टॅग ठरवले आणि ज्या लेखांत ते दोन्ही आहेत त्यांना अपवाद केले.

निकाल आधीच काढून ठेवा

वाचकाने पान उघडल्यावर ही सारी गणिते करू नयेत. 'संबंधित' नावाचे वेगळे टेबल करून त्यात लेख क्रमांक, संबंधित लेखाचा क्रमांक आणि गुण साठवावेत. पानावर पाच लेख दाखवायचे असले तरी साठवताना वीस साठवावेत, म्हणजे एखादा लेख अप्रकाशित झाला तर मागचा लेख आपोआप पुढे सरकतो. लेख कायमचा पुसला गेला तर त्याच्या ओळी फॉरेन कीच्या (दोन टेबलांना बांधणाऱ्या दुव्याच्या) आधारे आपोआप निघून जाव्यात, अशी व्यवस्था करावी.

हजार लेखांच्या ४,९९,५०० जोड्या होतात आणि दहा हजार लेखांच्या जवळपास पाच कोटी. तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण ज्या जोड्यांत एकही वजनदार टॅग किंवा शब्द समान नाही, त्या क्वेरीत येतच नाहीत. नवा लेख प्रकाशित झाला की आधी त्याची यादी काढावी, मग त्या यादीतील प्रत्येक लेखाच्या यादीत हा नवा लेख शिरू शकतो का ते पाहावे. संपूर्ण फेरमोजणी रात्री करावी. ती वेगळ्या टेबलमध्ये करावी आणि पूर्ण झाल्यावर दोन टेबलांच्या नावांची अदलाबदल करावी. मायएसक्यूएलमध्ये ही अदलाबदल एकाच आदेशात होते, त्यामुळे वाचकाला रिकामी यादी क्षणभरही दिसत नाही.

संपादकासाठी आणखी एक लहान टेबल हवे, ज्यात 'हा लेख याच्याखाली दाखवाच' आणि 'कधीच दाखवू नका' अशा दोन प्रकारच्या नोंदी असतील. अपघात किंवा निधनाच्या वृत्ताखाली सण-समारंभाचा लेख आला, तर गणित बरोबर असूनही ते अशोभनीय दिसते, आणि तेथे माणसानेच हात घालायला हवा.

तपासणी

सुरुवातीला जपून ठेवलेला कागद आता काढावा. त्यातील लेखांत आणखी काही मिसळून तीस लेख करावेत, त्यांत कमी वाचले जाणारे आणि अपुरे टॅग असलेले लेखही असावेत. प्रत्येकाखालील पाच सूचना दोन माणसांना स्वतंत्रपणे दाखवून 'उपयोगी' किंवा 'निरुपयोगी' अशी खूण करायला सांगावी. एक माणूस संपादकीय विभागातील आणि दुसरा खरा वाचक असावा. तीनशे खुणांवरून वजनांत कोणता बदल फायद्याचा ठरला हे पुरेसे स्पष्ट दिसते. वाचकांच्या क्लिकवरून हेच ठरवायला गेलात, तर पहिल्या क्रमांकाचा लेख केवळ पहिला आहे म्हणूनच अधिक दाबला जातो, हे विसरू नये.

वाक्यांचा अर्थ आकड्यांच्या मालिकेत पकडणारी नवी मॉडेले आणि पोस्टग्रेसमध्ये अशा मालिका साठवून शोधणारे पीजीव्हेक्टर यांच्या साहाय्याने याहून पुढे जाता येते. तरी ती साधने वापरली तरी टॅगांची साफसफाई, युनिकोडची दुरुस्ती आणि ही तीनशे खुणांची तपासणी चुकत नाही, म्हणून मी ही साधने नेहमी शेवटी आणतो.

तपासणीत आमच्या एका माणसाने लक्षात आणून दिलेली गोष्ट आधी माझ्या ध्यानात आली नव्हती. मारबतीच्या मिरवणुकीवरील लेखाखाली पाच जागा भरण्यासाठी शेवटचे तीन लेख ओढूनताणून आणलेले होते आणि त्यांचे गुण ०.०५ च्याही खाली होते. तेव्हापासून ०.०८ ही किमान मर्यादा ठेवली आहे; तिच्या खालचा लेख दाखवला जात नाही, मग यादीत दोनच लेख उरले तरी चालते, आणि एकही उरला नाही तर तो मथळाच पानावर येत नाही.